काठ्या आमच्या ओसरीवरून वाटल्या

आमच्या घरात दोन भाषा नांदत होत्या. आप्पा मराठी बोलायचे, आणि अव्वा, म्हणजे आमची आई, चुलीपाशी, गोठ्यात आणि राग आला की आमच्याशीही कानडी बोलायची. तिचं माहेर उमरग्याच्याही पलीकडं, सीमेवर. तिथं बांधाच्या अलीकडं मराठीत बैल हाकतात आणि पलीकडं कानडीत. लग्न होऊन ती जिल्ह्याच्या या टोकाला, सोनारीच्या बाजूला आली, आणि इथं तिची भाषा कळणारं आमच्या घराबाहेर कुणीच नव्हतं. गावातल्या बायका तिला ‘कानडीण’ म्हणत, पण पाहुणे यायचे असले की हुग्गी, म्हणजे तिच्याकडची गव्हाची खीर, कशी करायची ते विचारायला तिच्याकडंच येत. म्हैससुद्धा कानडीत दटावल्याशिवाय पान्हा सोडत नाही, असं आप्पा म्हणायचे. मला आणि माझा थोरला भाऊ मल्लू याला कानडी तोडकीमोडकी बोलता यायची, कळायची मात्र सगळी; आप्पांना ती कधी जमली नाही.

आप्पा गावचे पोलीस पाटील होते. नावात पोलीस असलं तरी ना वर्दी, ना हत्यार. गावात चोरी झाली, मारामारी झाली, विहिरीत कुणी सापडलं, तर ठाण्याला कळवायचं आणि पोलीस आले की पुढं उभं राहायचं, एवढं सरकारनं नेमून दिलेलं काम. पण माणसं भांडण घेऊन आधी आमच्या ओसरीवर येत. आप्पांची एक रीत होती. दोघांनाही बसवायचं, पाणी द्यायचं, आणि चहा येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. अव्वाला ती रीत ठाऊक असल्यामुळं ती चहाला मुद्दाम उशीर लावायची. आत चुलीवर आधण उकळतंय, बाहेर दोन माणसं भिंतीकडं तोंड करून बसलीत, आणि मधे आप्पा शांतपणे अडकित्त्यानं सुपारी कातरतायत, ही माझ्या लहानपणची रोजची गोष्ट. चहा येईस्तोवर निम्मं भांडण विझलेलं असायचं. सरकार म्हणजे असंच काहीतरी, बसायला लावणारं आणि उशिरा चहा देणारं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

त्या हिवाळ्यात आसपासच्या वस्त्यांवर दरोडे पडायला लागले. एका वस्तीवर म्हाताऱ्या जोडप्याला बांधून घातलं, दुसरीकडं बाईच्या कानातलं ओरबाडून नेलं. भीती खरी होती, ते आधी सांगते. आज लिहिताना ती खोटी होती असं म्हणणं सोपं आहे. बायका संध्याकाळ व्हायच्या आत रानातून परतायच्या. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, तिच्यात माणूस शिरला तर दिसत नव्हता. चोर अंगाला तेल लावून येतात, त्यांची वेगळी भाषा असते, ते दिवसा काहीतरी विकायला म्हणून येतात आणि घरं हेरून जातात, असं जो तो बोलत होता.

मग एक दिवस दुपारी ठाण्याची जीप आमच्या दारात थांबली. फौजदारसाहेब उतरले, आणि मागून शिपायानं काठ्यांची मोळी उतरवली. नव्या, पिवळ्याधमक, टोकाला लाल रंग दिलेल्या बांबूच्या काठ्या. एका पिशवीत शिट्ट्या आणि दंडावर बांधायचे पट्टे. गावातली तरणी पोरं आधीच जमली होती. अव्वानं आणि मी पोहे केले, चहा केला. मी ताटल्या घेऊन उंबऱ्यात उभी होते, म्हणून पुढचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

“आमचं ठाणं लांब,” साहेब म्हणाले. “जीप यायला वेळ लागतो. तोवर तुम्हीच पोलीस. अनोळखी माणूस दिसला की आधी आडवा करायचा, मग नाव विचारायचं. आणि ‘मी चोर नाही’ म्हणाला तर ऐकून सोडू नका. आजपर्यंत कुठल्या चोरानं ‘मी चोर आहे’ म्हटलंय?”

पोरं हसली. कुणीतरी मागून विचारलं, “सायेब, जास्त लागलं तर?”

“हातपाय मोडला तर सरकार बघून घेईल. तुम्ही बिनघोर राहा.”

आप्पा खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, “सायेब, पोरांना थांबायचं कधी, ते बी सांगा की.”

फौजदार हसले. “पाटील, तुम्ही आता म्हातारे झालात.” आणि त्यांनी पहिली काठी उचलून मल्लूच्या हातात दिली.

मल्लूबद्दल सांगायला हवं. तो तेव्हा विशीतला होता. पोलीस भरतीला दोनदा जाऊन आला होता आणि दोन्ही वेळा छातीच्या मापात मागं पडला होता. दुसऱ्या वेळेला परत आल्यावर तो जेवला नाही, नुसता गोठ्यात जाऊन म्हशीचं अंग खरारत बसला. मनानं तो वाईट कधीच नव्हता. चिमणीचं घरटं पडेल म्हणून आढ्याचं जाळं काढायचा नाही असा मुलगा. त्या दुपारी त्यानं दंडावर पट्टा बांधला आणि मला विचारलं, “कसा दिसतोय?” मी म्हटलं, “फौजदार.” तो इतका खूश झाला की त्यानं मला शिट्टी वाजवायला दिली. काठीला तो रोज तेल चोळायचा, आणि ती आमच्या माजघरात, अव्वाच्या जात्याशेजारी उभी असायची. अव्वा दळायला बसताना ती उचलून दाराबाहेर ठेवायची. तो परत आत आणायचा.

बरेच दिवस काही झालं नाही. पोरं गस्त घालायची, शेकोटीपाशी हरभऱ्याचा हावळा भाजून खायची, पहाटे घरी येऊन झोपायची. गावाला धीर आला होता, हेही खरं. मग एक दिवस सकाळी, नुकतं दिसायला लागलं होतं, मी अंगणात सडा टाकत होते आणि ओढ्याच्या बाजूनं शिट्ट्या ऐकू आल्या. एक, मग दुसरी, मग सगळ्याच. अव्वा धारेला बसली होती. ती उठून उभी राहिली, कान देऊन ऐकलं, आणि चरवी तशीच टाकून धावत सुटली. मी तिच्या मागं.

तिला काय ऐकू आलं ते मला ओढ्यापाशी पोचल्यावर कळलं. शिट्ट्यांच्या आणि शिव्यांच्या मधून एक माणूस ओरडत होता, “होडीब्याडरी! ना कळ्ळ अल्लरी!” मारू नका हो, मी चोर नाही. आमच्या घरातली भाषा. बाभळीखाली सहासात पोरं गोल करून उभी होती आणि काठ्या वरखाली होत होत्या. एकजण म्हणत होता, “कळलं म्हणतोय! काय कळलं रे तुला? कुणाकुणाची घरं कळली?” ‘कळ्ळ’ म्हणजे चोर, हे त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणजे एकाला माहीत होतं.

अव्वा काठ्यांच्या मधे घुसली. एक तिच्या खांद्यावर बसली, तेव्हा कुठं पोरं थांबली. खाली पडलेल्या माणसानं तिचे पाय धरले. ती खाली बसली आणि त्याच्याशी कानडीत बोलली, आजारी लेकराशी बोलावं तसं. त्या माणसाचं नाव बीरप्पा. सीमेपलीकडचा घोंगडीवाला. दर हिवाळ्यात घोंगड्या विणून खांद्यावर टाकायच्या आणि गावोगाव विकत फिरायचं, हा त्याचा धंदा. रात्री शेजारच्या गावच्या देवळात झोपून तो ऊन चढायच्या आत चालावं म्हणून लवकर निघाला होता. ‘घोंगडी घ्या घोंगडी’ एवढी मराठी त्याला चांगली यायची, पण अंगावर काठी पडल्यावर माणूस आपल्याच भाषेत ओरडतो. घोंगड्या ओढ्याच्या पाण्यात पडल्या होत्या, जड होऊन तळाशी बसल्या होत्या.

अव्वानं मान वर केली. मल्लू समोरच होता. ती त्याला ओरडली नाही. “तुझा आज्जा असाच बोलायचा की रं,” एवढंच म्हणाली.

मल्लूनं काठी खाली टाकली.

बीरप्पाला आमच्या बैलगाडीतून फाट्यापर्यंत आणि तिथून एसटीनं उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तेव्हा धाराशिवला आम्ही उस्मानाबादच म्हणायचो. उजवं मनगट चुरा झालं होतं, एका कानातून रक्त येत होतं. आप्पांनी ठाण्याला कळवलं. संध्याकाळी फौजदारसाहेब आले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, “पाटील, संशयित होता. पोरांना बघून पळाला आणि ओढ्यात पडला. विषय मिटला. पोरांना सांगा, चांगलं काम केलं.”

आप्पा त्यांना जीपपर्यंत सोडून आले. त्यानंतर अव्वानं आप्पांपुढं चहा ठेवला नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, असं आप्पा पुढं कधीतरी म्हणाले.

विषय मिटला नाही. बीरप्पाची बायको त्याच्या गावच्या माणसांना घेऊन दवाखान्यात पोचली, त्यांनी तिकडच्या आमदाराला गाठलं, आणि वरून विचारणा सुरू झाली. दोनचार दिवसांतच फौजदारांचं बोलणं फिरलं. शिपाई येऊन घरोघरच्या काठ्या गोळा करून घेऊन गेला. ज्या जीपमधून त्या आल्या होत्या त्याच जीपमधून गेल्या, पण जाताना कुणी पोहे केले नव्हते. मग साहेब स्वतः आले. या वेळी ते ओसरीवर बसले नाहीत, आप्पांना अंगणाच्या कडेला शेवग्याखाली घेऊन गेले. मी गोठ्यात होते, आवाज येत होता.

“पोरांनी कायदा हातात घेतला,” साहेब म्हणाले. “मी फक्त शिट्ट्या दिल्या होत्या. काठ्या गावच्याच होत्या. उस्मानाबादहून मोठे साहेब चौकशीला येतायत, त्यांना तुम्ही एवढंच सांगायचं. तुमच्या पोराचं नाव मी अजून कुठं घेतलेलं नाही. तो त्या सकाळी घरी झोपला होता, असं समजा.”

“आन् बाकीची पोरं?” आप्पांनी विचारलं.

“बाकीच्यांचं मला सांगू नका. तुमच्या पोराचं बोला.”

त्या दुपारी अव्वानं भाकरी केल्या, त्या दुरडीत तशाच राहिल्या. शेवटी आप्पा मल्लूला म्हणाले, “तू तिथं न्हवतास, असं मला म्हणाय सांगतेत.”

मल्लू भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, “आप्पा, मला कळत हुतं.”

“काय?”

“तो काय म्हणत हुता ते. ‘मी चोर न्हाय’ म्हणत हुता. बाकीच्यास्नी न्हाय कळलं, मला कळलं.” त्याचा हात दंडावर, पट्ट्याच्या जागी गेला. “पर सायेब म्हणले हुते, समदेच चोर तसं म्हणत्यात. आन् समदे मारत हुते. मी थांबलो असतो तर…” ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही.

अव्वा चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “आता तरी थांब.”

मल्लू आप्पांकडं बघून म्हणाला, “खरं सांगा, आप्पा. पर समदं सांगा. माझं बी सांगा आन् त्यांचं बी सांगा.”

मी पुढं तालुक्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. शिक्षा करण्याचा अधिकार फक्त शासनाला असतो, म्हणून नागरिक एकमेकांवर हात उगारत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलं. ते खोटं आहे असं मी आजही म्हणणार नाही. बळी तो कान पिळी, अशा मुलखात कुणाला राहायचंय? आप्पांची सारी हयात त्याच वाक्यावर उभी होती. पण तो अधिकार शासन कधीकधी मोळी बांधून दारात आणून देतं, चार दिवस वापरायला, आणि काही बिनसलं की म्हणतं, हा तुमच्याकडं कसा आला? हे पुस्तकात नव्हतं. त्या धड्याला मी दरवर्षी जरा अडखळायचे.

चौकशी शाळेच्या पडवीत झाली, भर दुपारी. मोठे साहेब खुर्चीवर, शेजारी फौजदार उभे, समोर पटांगणात सगळं गाव. त्या बाकीच्या पोरांच्या आया एका बाजूला पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. आप्पांनी टोपी नीट केली आणि ते पुढं झाले.

“काठ्या कुठून आल्या?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“ठाण्याच्या जीपमधनं आल्या, सायेब. माझ्याच ओसरीवरनं वाटल्या. पहिली माझ्या पोरानं घेतली. हे सायेब म्हणले, अनोळखी दिसला की आधी आडवा करा, मग नाव विचारा. हातपाय मोडला तर सरकार बघंल. मारणाऱ्यात माझा मल्लिकार्जुन हुता. त्यानं मारलंय. म्या ओसरीवर बसून ऐकलं आन् पोरांना आडवलं न्हाय, त्ये बी घ्या.”

फौजदार म्हणाले, “पाटलांचा माझ्यावर जुना राग आहे, सर.”

तेवढ्यात मल्लू उठला. तो जाऊन आप्पांशेजारी उभा राहिला. मग आणखी एक पोरगा उठला, मग तिसरा. तो तिसरा खालच्या आळीतला, घरात एकटी आई. ती “बस रं खाली” म्हणून हुंदका देत होती आणि तो ऐकत नव्हता. बाकीचे बसून राहिले. मी त्यांना तेव्हा नावं ठेवली. आज ठेवत नाही.

जे उभे राहिले त्यांच्यावर खटला झाला. आप्पांनी कोर्टातही तेच सांगितलं, त्याच शब्दांत. तिघांना शिक्षा झाली. मल्लू वर्षाच्या आतबाहेर तुरुंगात होता. फौजदारांची वेगळी चौकशी होईल, असं सांगण्यात आलं. त्यांची बदली झाली. पुढं बढतीही मिळाली असं ऐकलं, खरंखोटं माहीत नाही. आप्पांची पाटीलकीची मुदत संपली, ती पुन्हा वाढवून मिळाली नाही. ते विचारायलाही गेले नाहीत. लोक मात्र भांडणं घेऊन येतच राहिले. त्या तिसऱ्या पोराची आई आमच्या दारावरून जाताना कितीतरी दिवस मान वळवून जायची. मग एका संक्रांतीला ती वाण घेऊन आली, अव्वाच्या शेजारी बसली, आणि दोघी बराच वेळ तीळ निवडत राहिल्या.

आता मी धाराशिवला लेकीकडं राहते. परवा कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी एका माणसाचा फोटो टाकला, पोरं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा. खाली कुणी लिहिलं, दिसला की तुडवा. त्याच्याखाली अंगठ्यांची रांग. दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी भोंग्यावरून सांगत फिरली, अफवांवर विश्वास ठेवू नका, कायदा हातात घेऊ नका. लेक म्हणाली, बरं झालं वेळेवर सांगितलं. मी ‘हो’ म्हटलं. बरंच झालं. पण ही दोन्ही वाक्यं मी एकदा एकाच तोंडून ऐकलेली आहेत, त्यामुळं भोंगा लांब जाईपर्यंत मी खिडकीतून हलले नाही.

त्या वेळी मल्लू तुरुंगातून सुटून आला तो निम्मा होऊन. पहिले काही दिवस तो नुसता शेतात राबायचा. मग एक दिवस जेवताना म्हणाला, “अव्वा, त्यांच्या गावाला जाऊ.” अव्वानं लगेच शेंगापोळ्या केल्या. आप्पा, अव्वा, मल्लू आणि मी, दोन एसट्या आणि एक जीप बदलून आम्ही बीरप्पाच्या गावी पोचलो. बाहेर कोंबड्या, लोकरीचा उग्र वास, आणि घरातून मागाचा खटखट आवाज. मागावर त्याची बायको बसली होती. त्याचं मनगट वाकडं बसलं होतं, धोटा फेकता येत नव्हता. तो दाराशी बसून डाव्या हातानं सूत गुंडाळत होता. ऐकू एकाच कानानं येत होतं, म्हणून त्यानं मान तिरपी करून आमच्याकडं पाहिलं. अव्वाला ओळखलं. मग मल्लूला ओळखलं, आणि त्याचा हात थांबला.

मल्लू त्याच्यासमोर जमिनीवर बसला. “नंद तप्पायतरी,” तो म्हणाला. माझं चुकलं. त्यानं ते वाटभर मनात घोकलं असणार, कारण ते फार हळू आणि फार स्वच्छ आलं. आतला माग थांबला होता.

बीरप्पा अव्वाकडं वळून कानडीत म्हणाला, “हा आला. याच्यासंगं आत होते ते दोघंबी येऊन गेले. काठी देणारा अजून आला न्हाय. तो कधी येणार, तुम्हाला काही ठाऊक?”

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की आप्पांना माहीत असेल. त्याच्या लेखी ते अजूनही सरकारचे माणूस होते. अव्वानं मराठीत करून सांगितलं. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

“तो यायचा न्हाय,” ते म्हणाले.

अव्वानं तेही सांगितलं. बीरप्पानं मान हलवली, सुताचा गुंडा बाजूला ठेवला आणि बायकोला हाक मारून आमची पानं वाढायला सांगितली. आम्ही भिंतीशी ओळीनं बसलो. तिनं भाकरी वाढली, त्यावर हरभऱ्याची भाजी घातली, मल्लूच्या ताटापाशी क्षणभर घुटमळली, आणि त्यालाही वाढलं. मल्लू खाली मान घालून सगळं जेवला.